कोनाड्यातला कंदील

घरात दिवा ठेवायची जागा कुठली? खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही घरात डोकावून बघा, भिंतीतल्या कोनाड्यातच दिवा दिसेल. मग भरमूनं बोगद्यात तेच केलं, तर त्याला एकट्याला बोल कसा लावायचा? पण तो स्वतःला लावून घेत होता, आणि तेही मनातल्या मनात. खरा घोटाळा तिथंच होता.

भरमू रेल्वेत बत्तीवाला. लोंढ्याच्या पुढं घाटात एक लांबलचक बोगदा होता. तिथं रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगला दिवसाढवळ्याही स्वतःचा हात दिसायचा नाही. गाडी आली की भिंतीत खोदलेल्या पुरुषभर उंचीच्या कोनाड्यात शिरायचं आणि ती जाईपर्यंत भिंतीला चिकटून राहायचं, अशी रीत. पण अंधारात कोनाडा सापडायला नको?

बेळगावचे ओव्हरसियर उपेंद्रराव भरमूला म्हणाले, "तुला बत्तीतलं कळतं. काय करू या, सांग." साहेब आपल्याला विचारतो म्हटल्यावर भरमूची छाती फुगली. टांगलेले कंदील गाडीच्या हादऱ्यानं पडतात, हे त्याला ठाऊक. म्हणून त्यानं प्रत्येक कोनाड्यात, तळाशी, एकेक कंदील ठेवला. गँगवाले खूश. "वा रं भरमू! देवळात आल्यागत वाटतंय की!"

तीन महिने सुखात गेले. मग १९२८ सालच्या दिवाळीच्या तोंडावर एक मालगाडी वेळेआधी आत घुसली आणि गँगमधला यल्लाप्पा तिच्याखाली सापडला. यल्लाप्पा म्हणजे भरमूच्या धाकट्या बहिणीचा, जयाबाईचा नवरा.

ओरडा ऐकून सगळ्यांच्या आधी भरमूच आत पळाला. यल्लाप्पा कोनाड्याच्या तोंडाशी पडला होता. जीव गेला होता. आणि कोनाड्यातला कंदील बाहेर, भिंतीला लागून, नीट उभा ठेवलेला, जळत होता.

भरमूला लख्ख उमगलं. म्हणजे दाजी पोचला होता! आत शिरायचं तर कंदिलाला पाय लागणार. दिव्याला पाय लावायचा नाही, हे पोराला चालायला यायच्या आधी शिकवतात आपल्याकडं. यल्लाप्पानं वाकून कंदील उचलला, बाजूला ठेवला, आणि तेवढ्यात गाडीनं गाठलं. अरे, लाथ मारायचीस की रं शहाण्या! देव काय रागावणार होता?

मागून माणसांचे आवाज आले. भरमूनं झटकन कंदील उचलला आणि परत कोनाड्यात ठेवला. का ठेवला? भ्याला, दुसरं काय!

उपेंद्ररावांनी येऊन पाहिलं, तर कोनाडा दोन हातांवर, दिवा जागच्या जागी. एवढ्या उजेडात माणूस आत का गेला नाही? त्यांनी कागदावर लिहिलं, 'मयत नशेत असावा.'

यल्लाप्पा जन्मात कधी थेंबाला शिवला नव्हता. जयाबाई येईल त्याला सांगायची, "माझा धनी पीत न्हवता वो." लोक माना हलवायचे आणि अंगणात गेल्यावर कुजबुजायचे. भरमू ओसरीवर बसून दोन्ही ऐकायचा. पण कंदिलाचं कुणाला सांगायचा नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उपेंद्ररावांनी त्याला बोलावलं. "पुढच्या बोगद्यातही अशाच बत्त्या लाव."

"न्हाय लावणार, साहेब," भरमू म्हणाला, आणि रडत रडत सगळं ओकून टाकलं.

उपेंद्ररावांनी तो कागद पुढं ओढला. "हे लिहिलं तर तुझी नोकरी जाईल."

"जाऊ द्या. दाजी प्यालेला न्हवता, तेवढं लिवा. आनी मला कामावरनं काढायच्या आधी ह्या बत्त्या तेवढ्या नीट लावू द्या."

तिथून तो थेट बहिणीच्या दारात गेला. जयाबाई तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"तेरा दिस माझ्या वसरीवर बसून ऐकत व्हतास, अण्णा," ती म्हणाली. मग सूप बाजूला सारून उठली. "नवी बत्ती लावशील तवा मला घिऊन जा. मला बघायचंय."

आठ दिवस भरमू बोगद्यात राबला. कंदील कोनाड्यातून काढले. समोरच्या भिंतीत उंचावर खोबण्या खोदून त्यांत घट्ट बसवले. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येऊ नये आणि उजेड समोर कोनाड्यातच पडावा, म्हणून प्रत्येकाला वाकवलेला पत्रा लावला. कोनाडे आतून चुन्यानं पांढरेफेक केले.

नवव्या दिवशी दोन गाड्यांच्या मधल्या वेळात उपेंद्ररावांनी जयाबाईला आत जाऊ दिलं. दोन्ही तोंडांना झेंडेवाले उभे होते. भरमूनं तिला रुळांवर उभं केलं.

"गाडी आली असं समज. पळ."

ती पळाली. ठेचकाळली नाही, चाचपडली नाही. अंधारात पांढरा कोनाडा लांबूनच दिसत होता. ती सरळ आत शिरली आणि पाठ भिंतीला टेकून वळली. सगळं मिळून चार श्वासांचं काम.

तिनं पायांशी बघितलं. तिथं काहीच नव्हतं. मग समोर, भावाच्या तोंडाकडं बघितलं.

"एवढंच करायचं व्हतं, अण्णा?"

"व्हय," भरमू म्हणाला. "एवढंच."