साडेसहाचा शिक्का

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या आळीतली मुले सकाळी साडेसहाला बागेत जमतात, रेडिओवरच्या सूचनांबरोबर दहा मिनिटे व्यायाम करतात आणि गळ्यात अडकवलेल्या कार्डावर त्या तारखेच्या चौकोनात शिक्का मारून घेतात. माझ्या लहानपणीही असेच होते. यंदा शिक्का मारायचे काम माझ्याकडे आले, कारण मंडळाच्या सभेत 'नाही' म्हणण्याची वेळ येते तेव्हा मी शब्द शोधत बसतो.

"काम काही नाही हो त्यात," अध्यक्ष ओकाबेबाई म्हणाल्या. "मुलं येतात, तुम्ही शिक्का मारायचा. बोलायचीसुद्धा गरज नाही."

शेवटच्या वाक्याने मी निर्धास्त झालो.

पहिल्या दिवशी चारच मुले आली, आणि त्याच दिवशी मी घोटाळा केला. मंडळाचा फुलाचा शिक्का समजून भलतीच डबी उचलून आणली. एकतीस वर्षे मी गावच्या वाचनालयात नोकरी केली. तिथे टाकून दिलेले रबरी शिक्के मी घरी जपून ठेवले आहेत. का, ते मलाही सांगता येणार नाही. शिक्का उमटल्यावर चूक लक्षात आली. तिसरीतल्या कोझुएने कार्ड नाकाशी धरून वाचले.

"'परत आले'. आजोबा, मी कुठून परत आले?"

"झोपेतून," माझ्या तोंडून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नऊ मुले आली. उशिरा येणाऱ्याला मी 'मुदत संपली' मारला, गुडघा फोडून घेतलेल्याला 'दुरुस्तीस', आणि व्यायाम अर्धा टाकून पळणाऱ्याला 'बाहेर नेऊ नये'. आठवडाभरात सतरा झाली. मला हुरूप आला, आणि मला हुरूप आला की काहीतरी बिघडतेच. जो दात न घासता येईल त्याला 'डागाळलेली प्रत', असे मी जाहीर करून बसलो.

दुसऱ्या दिवशी पाच मुले दात न घासता आली आणि आ करून रांगेत उभी राहिली.

"माझे बघा आजोबा," तेप्पेई म्हणाला. "रात्रीचा भातसुद्धा आहे."

त्याची आई तडक ओकाबेबाईंकडे गेली आणि ओकाबेबाई तडक माझ्याकडे आल्या.

"'डागाळलेली प्रत', कुसुमोतो? पोराच्या गळ्यात?"

"चूक झाली."

"चूक कसली, लाच आहे ही. मुलं शिक्क्यासाठी येतात, व्यायामासाठी नाही. उद्यापासून आपलं फूल."

"मग येणार नाहीत."

"मग कळेलच सवय कशाची लागली ते. शुक्रवारी दुपारी सभागृहात कलिंगड वाटणार आहोत, तेव्हा मी कार्डं बघेन. दहा कार्डांवर त्या सकाळचा शिक्का दिसला तर पुढच्या वर्षीही बाग आपली. नाहीतर शाळेच्या मैदानावर, चार आळ्यांचं एकत्र. रेडिओच्या आवाजाची तक्रार आहेच तशीही."

शाळेचे मैदान मोठ्या रस्त्यापलीकडे. आमची लहान मुले तिथे एकटी जाणार नाहीत. म्हणजे आमच्या आळीपुरते सगळे संपलेच. महिन्यापूर्वी मला हायसे वाटले असते. आता वाटले नाही.

मुलांना सांगायला तीन वाक्ये घरून पाठ करून नेली होती. त्यातले दुसरे ऐनवेळी विसरलो.

"म्हणजे रोज फूलच?" कोझुएने विचारले.

"रोज फूलच."

"कंटाळवाणं आहे."

"आहे," मी म्हणालो.

बुधवारी बारा मुले आली, गुरुवारी आठ. शुक्रवारी मी सहालाच बागेत गेलो, तर कोझुए विस्कटल्या केसांनी झोपाळ्यावर बसलेली. मग एकेक करत अकरा झाली. मी दोनदा मोजली. उड्या मारताना कार्डे त्यांच्या छातीवर नाचत होती. रेडिओ थांबला. मी खाली वाकून स्टॅम्प पॅड उघडले, शिक्का शाईला लावला आणि वर पाहिले, तर बाग रिकामी. जे करायला आली होती ते करून मुले घरी गेली होती.

ओकाबेबाईंच्या लेखी मात्र शिक्का नाही म्हणजे मूल आले नाही. पावसातसुद्धा त्या छत्रीखाली कार्ड तपासतात. शिक्का आणि पॅड घेऊन मी घरोघर निघालो.

लोकांच्या दाराची घंटा मी वाजवत नाही, चिठ्ठी टाकतो. तेप्पेईच्या दाराशी मी इतका वेळ उभा राहिलो की शेवटी त्याच्या आईनेच दार उघडले.

"दात घासतोय," ती थंडपणे म्हणाली.

तेप्पेई फेसाळल्या तोंडाने बाहेर आला. "आजोबा, तुमच्यामुळे आता तीनदा घासावे लागतात." फुलाशेजारी फेसाचा थेंब पडला.

पुढच्या घरी दोघी बहिणी कुंडीतल्या वेलांना पाणी घालत होत्या. त्यापुढच्या घरी एकजण स्टुलावर चढून आपला वाडगा धूत होता. प्रत्येक दारात मी माफी मागितली. एका घरी चुकून दोनदा मागितली. साडेनऊपर्यंत नऊ शिक्के झाले. दहावा मुलगा आठच्या गाडीने आजोळी गेला होता. उरली कोझुए.

दार तिच्या वडिलांनी उघडले.

"झोपलीये हो ती. साडेपाचला मला उठवलं, मग व्यायाम, मग पोटभर भात, मग आडवी. उठवू?"

"नको."

कोझुए पंख्यासमोर चटईवर कुशीला वळून झोपली होती. कार्ड गळ्यातच होते, अर्धे पोटावर. मी बूट काढून आत गेलो, गुडघे टेकले, ते वाजले. ती हलली नाही. तिच्या वडिलांनी माझ्यासमोर पॅड दोन्ही हातांनी धरले. मी कार्डाखाली खिशातली वही सरकवली, ती श्वास सोडेपर्यंत थांबलो, आणि शिक्का मारला.

दुपारी सभागृहात ओकाबेबाईंनी नऊ कार्डे एकेक करून तपासली. दहावे त्यांनी खिडकीकडे धरले.

"हे फूल वाकडं का?"

"कुशीवर झोपली होती," मी म्हणालो.

"झोपलेल्या मुलीला शिक्का मारलात?"

"पण मी आले होते ना, आजी," कोझुए तोंडात कलिंगड धरून म्हणाली. "आजोबांच्याही आधी. तेप्पेईला विचारा."

"आली होती," तेप्पेई म्हणाला. "केस न विंचरता."

"तुला कोणी विचारलं रे केसांचं?"

"आजीच विचारणार होत्या."

ओकाबेबाईंनी कार्डाला चिकटलेली कलिंगडाची बी नखाने काढली आणि दोरा पुन्हा कोझुएच्या गळ्यात घातला.

"शिक्का सकाळचाच आहे," त्या म्हणाल्या. "दहा."