देवाला 'समजा' चालत नाही

नारायण पुजाऱ्याने तांब्यात बोटं बुडवली आणि पाकळ्यांसाठी हात पुढे केला.

"विचार सगुणा. काय घालायचं देवाच्या कानावर?"

"समजा," सगुणने सुरुवात केली, "पोरीने म्हापशाची नोकरी सोडली, आणि समजा आमची काजूची बाग..."

"थांब रे! देवाला समजा चालत नाही. सोडू दे की नको, एवढंच विचार. ओल्या पाकळ्या मूर्तीला लावतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. मागाहून रडायचं नाही."

सगुण पाकळ्या हातातच घेऊन उभा राहिला. उभं कोरगाव त्याला 'समजा सगुण' म्हणायचं ते काय उगाच? समजा बस चुकली, समजा मोहर जळला, समजा लग्नात जेवण संपलं. या माणसाला घोटभर चहासुद्धा शंकेशिवाय उतरत नसे! एकुलती एक गौरवी नोकरी सोडून बाग बघते म्हणाली, तेव्हा त्याने तिला एका दमात तेरा समजा ऐकवले होते. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "कौल लावा बाबा. पडेल तो मान्य." सोमवारी तिला राजीनामा द्यायचा होता.

आता त्याला चौदावा समजा सुचला. समजा डावी पडली तर? देवाने नको म्हटलं की संपलं, पुढे शंका काढायची सोय नाही. कोयता घेऊन बागेत पुढे चालणारी गौरवी त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्याला ती तिथे हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

"राहू दे, नारायणा," तो म्हणाला आणि मूठ मिटून पायऱ्या उतरू लागला.

"अरे मेल्या, खुळावलास काय?" नारायण मागून ओरडला.

गौरवी घरासमोर वाट बघत उभी होती.

"कुठली पडली?"

"समजा, डावी पडली असती तर?"

"तर परत पाठवलं असतं तुम्हाला. उजवी पडेपर्यंत."

सगुणला हसू आवरेना. लेक कुणाची!

"मग देवाला कशाला एवढा त्रास गो?" त्याने मूठ उघडली. पाकळ्या कोरड्याच होत्या.

गौरवीने त्या पाहिल्या. तिचे डोळे भरून आले.

"आणि समजा, मोहर जळला तर?" या खेपेला तिने विचारलं.

"जळला तर जळला. पुढच्या वर्षी परत धरेल," सगुण म्हणाला आणि तिच्यासाठी हलका कोयता शोधायला आत गेला.