उसन्या पणजोबांचा चरखा

मित्रांनो, मी एक जुना चरखा आहे. माझं वय अडीचशे वर्षांच्या आसपास असेल. इतक्या वयात, इतकं काम करून झाल्यावर, माझ्यावर मान खाली घालायची वेळ आली. ती कशी आली, ते सांगतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका खेड्यात झाला. सुताराने ओकच्या फळीला तीन पाय ठोकले, मेपलचं चाक बसवलं, खाली पायाने दाबायची पट्टी लावली आणि फळीच्या पोटाशी आपल्या नावाची दोन अक्षरं कोरली. एका शेतकऱ्याच्या घरात मी कामाला लागलो. त्या घरच्या मुली शेतातली अळशी उपटायच्या, तिचे दांडे कुजवायच्या, झोडपायच्या, विंचरायच्या, आणि आतून निघालेले केसांसारखे तंतू माझ्यावर कातायच्या. चादरी, सदरे, धान्याची पोतीसुद्धा घरच्याच सुताची. तेव्हा तिथे इंग्रजांचं राज्य होतं. गावातल्या बायकांनी इंग्रजी कापड घ्यायचं नाही असं ठरवलं आणि मग मला उसंतच मिळेना. थोरली मुलगी रेचल बोटं ओली करून सूत ओढायची. तिची आई शेजारणींना सांगायची, "आमच्या चाकासारखं बारीक सूत कुणाचं निघत नाही." मी फुलून जायचो.

पुढे गिरण्या आल्या, कापड स्वस्त झालं आणि मी माळ्यावर गेलो. तिथे किती काळ होतो, ते आता आठवतही नाही. मग एका हौशी इंग्रजाने मला बोटीने इंग्लंडमध्ये, साउथहॅम्प्टनला आणलं. तो वारल्यावर जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मी पडून राहिलो, आणि तिथून कॉव्हेंट्रीच्या डॉक्टर माधवांनी मला विकत घेतलं.

पहिल्याच रविवारी त्यांचे मित्र हरीश जेवायला आले. "अरे वा, चरखा! घरातला का रे?"

माधवांच्या हातात भाताचं भांडं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. "हो. आजोबांचा. स्वातंत्र्यचळवळीत होते ना ते."

त्यांच्या पत्नी सीमा यांनी चमकून वर पाहिलं, पण पाहुण्यांसमोर त्या काही बोलल्या नाहीत. मी तर काय बोलणार?

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यागणिक आजोबा मोठे होत गेले. आधी ते नुसतं सूत कातायचे. मग मोर्च्यात गेले, मग तुरुंगात. लोक मला हात लावून नमस्कार करायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझी पट्टी गुळगुळीत झाली ती रेचलच्या पायाने, आणि नमस्कार मात्र भलत्याच माणसाला!

माधवांची अकरा वर्षांची मुलगी अन्वी हे सगळं खरं मानत होती. मराठी मंडळाने हॉलमध्ये जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं, तेव्हा मला तिथे न्यायचंच म्हणून ती हटूनच बसली.

"नको गं, नाजूक आहे तो," माधव म्हणाले.

"बाबा, प्लीज! सगळ्यांकडे नुसता भांडी आहे. आपल्याकडे रिअल हिस्ट्री आहे!"

त्यांना नाही म्हणता येईना.

मुलांना लोकर कातून दाखवायला मंडळाने जोन नावाच्या एका वयस्कर इंग्रज बाईंना बोलावलं होतं. त्यांनी मला पाहिलं आणि हातातलं काम टाकून त्या माझ्याकडे आल्या. परवानगी घेऊन त्यांनी मला हळूच आडवं केलं, पोटाशी कोरलेली अक्षरं पाहिली. कितीतरी वर्षांनी मला ओळखणारं माणूस भेटलं होतं.

"किती सुंदर आहे हा!" त्या अन्वीला इंग्रजीत म्हणाल्या. "हा अमेरिकेतला आहे, बाळा. अळशीचं सूत कातायचा. भारतातला चरखा हाताने फिरवतात, हा पायाने चालतो."

"नो," अन्वी म्हणाली. "हा माझ्या पणजोबांचा आहे. ते जेलमध्ये गेले होते. बाबा, सांग ना त्यांना!"

हॉलमधली सगळी माणसं माधवांकडे वळली. हरीशही.

"शिपिंगमध्ये," माधव म्हणाले, "भारतातून येताना शिपिंगमध्ये अदलाबदल झाली असेल."

जोनबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "असेलही," त्या हलकेच म्हणाल्या आणि मला पुन्हा उभं केलं. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. बापाचे कान लाल झालेले अन्वीला दिसले. तिने कोट उचलला आणि गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेलो, अंगावर जुनी चादर. माधवांना माझ्याकडे बघवत नव्हतं. मला त्यांच्याकडे.

एका शनिवारी ते गवत कापायचं मशीन घ्यायला आले. मागोमाग अन्वी आली आणि दारातच उभी राहिली.

"बाबा, मग खरे पणजोबा कोण होते?"

माधव एका खोक्यावर बसले. "पोलिसात होते. इंग्रज सरकारच्या. चळवळीतल्या लोकांना पकडायचे."

"ते बॅड होते?"

"माहीत नाही गं. मला सायकलवर बसवून शाळेत सोडायचे. पुढे मित्रांच्या आजोबांच्या गोष्टी ऐकल्या आणि मी त्यांच्याबद्दल बोलणंच सोडलं. शेवटच्या आजारात ते मला सारखे जवळ बोलवायचे. काहीतरी सांगायचं असायचं त्यांना. मी अभ्यास आहे म्हणून उठून जायचो."

"पण का?"

"लाज वाटायची."

अन्वीने विचार केला. "ते त्यांचा लाज होता, की तुझा?"

एरवी ते तिचं मराठी लगेच सुधारतात.

"माझा," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर खरं काय ते लिहून टाकलं. काही जण हसले. हरीशचं उत्तर अजून आलेलं नाही. मी गॅरेजमध्येच आहे, पण चादर काढली आहे आणि अन्वी अधूनमधून येऊन तेल घालते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं काही जुनं असेल, तर त्याला ओलीपासून जपा. ते कुणी घडवलं, कुणी वापरलं, ते शोधा, आणि सापडलं नाही तर माहीत नाही म्हणा. आम्हाला तोंड नसतं, म्हणून आमच्या नावावर काहीही खपवू नका. आणि घरात एखादं म्हातारं माणूस तुम्हाला काही सांगू बघत असेल, तर जरा त्याच्यापाशी बसा. ऐकताना लाज वाटली तरी उठू नका.