बंद करून चालू

घरात सगळे त्याला धाकटा म्हणत, आता पन्नाशी उलटली तरीही. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि आजार कुठलाही असो, पहिलं औषध एकच. बंद करून चालू करायचं. दहातली सात मशीनं एवढ्यानंच बरी व्हायची. गिऱ्हाईक जरा टेकलं की प्रवचनही ठरलेलं. "मशीनकडे एक फळा असतो आणि एक वही. फळा म्हणजे रॅम. काम चालू आहे तोवर सगळं फळ्यावर. वीज गेली की फळा कोरा. वही म्हणजे डिस्क. सेव्ह केलं की वहीत उतरलं, मग चिंता नाही." लोक माना डोलवायचे. याच पंडिताला दळण आणायची आठवण बायकोला तीनतीनदा करून द्यावी लागे, तो भाग प्रवचनात येत नसे.

आई त्याच्या मोठ्या बहिणीकडे, ताईकडे राहायची. सकाळचा चहा झाला की नाही हे आईला दुपारी सांगता येत नव्हतं, अधूनमधून माणसंही ओळखू येत नव्हती, पण साठ वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख होतं. तेही जाईल या धास्तीनं ताईनं ठरवलं, आई सांगेल ते टाइप करून ठेवायचं. तेव्हाच धाकट्यानं मशीन तपासून बजावलं होतं, "डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. तिच्यावर आता काही लिहू नकोस. रविवारी नवी आणून बसवतो."

तो रविवार अकरा आठवड्यांनी उगवला.

"मशीनचा पंखा घुरघुरतोय बघ," एवढं म्हणून ताई चहा टाकायला आत गेली. पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली होती, 'बंद करू नये'. असल्या चिठ्ठ्या न कळणाऱ्यांसाठी असतात, अशी धाकट्याची पक्की समजूत. त्यानं वाकून टेबलाखालचं बटण दाबून धरलं. पंखा गप्प झाला.

ताई कप घेऊन आली आणि दारातच थांबली.

"बंद केलंस?"

"होईल की चालू. का गं?"

"आईचं सगळं त्यात उघडं होतं."

"सेव्ह केलं असशील ना?"

"तूच म्हणालास ना, डिस्कवर लिहू नकोस? मग ठेवलं फळ्यावर! अकरा आठवडे मशीन बंद केलं नाही मी. दोनदा लाइट गेली, बॅटरीवर निभावलं. टेबलाखाली झाडूसुद्धा घालू दिला नाही कुणाला."

"अगं, मग विचारायचंस तरी."

"सहा वेळा फोन केला. सहाही वेळा दुकानात गर्दी होती."

त्यानं मशीन चालू केलं. ते टुणटुणीत सुरू झालं. आत आईचं एक अक्षर नव्हतं, आणि आपोआप सेव्ह करणं वगैरे त्या जुन्या प्रोग्रामच्या गावीही नव्हतं. जन्मभराच्या प्रवचनांना एकच खरा श्रोता लाभला होता आणि तो घरातच निघाला. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कोण आलंय गं?" आई भिंतीला धरून बाहेर आली.

"दुरुस्तीवाला," ताई म्हणाली.

"बसा हो. माझा धाकटाही हेच काम करतो. भारी हुशार. वेळच मिळत नाही बिचाऱ्याला."

धाकट्यानं मान खाली घालून पिशवीतली नवी डिस्क काढली. ती बसवून होईपर्यंत तास गेला. तेवढ्यात आईनं आणखी तीनदा विचारलं, कोण आलंय, आणि ताईनं तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं. मग तिचाच राग ओसरला असावा.

"आई, तू शिवण कशी शिकलीस ते सांग ना."

"तुला सांगितलं नाही का मी?"

"नाही गं. कधीच नाही."

आई खूश झाली. खुर्चीत नीट बसली. "चौदा वर्षांची होते मी. पहिल्याच दिवशी सुई बोटातून आरपार..." धाकटा टाइप करू लागला. दर वाक्याला सेव्ह करत होता.

मध्येच आई थांबली. "तुम्ही हे लिहून घेताय होय? बरं करताय. धाकटा कधी आलाच, तर वाचेल."

त्यानं तेही वाक्य लिहिलं, आणि सेव्ह केलं.