तात्पर्याच्या रकान्यातली बकरी

मी वाचन-नोंदवही बोलतेय. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, वेल्ह्याच्या बाजारातून आणलेली. माझ्यात लिहिलेलं सगळं खरं असतं, असं मोठी माणसं मानतात. मानोत बापडी.

वेल्ह्याच्या वर, जिथं एस्टी दिवसातून दोनदाच येते, तिथल्या शाळेत ‘स्वतंत्र वाचन प्रकल्प’ ठरला. मुलांनी आपल्या मनानं पुस्तक निवडायचं आणि आपल्या मनानं वाचायचं. मुख्याध्यापक केशव सरांनी या स्वातंत्र्याचं फार कडक नियोजन केलं. लाल शाईनं, पट्टी लावून, माझ्या अंगावर सात रकाने आखले. शेवटचा आणि सगळ्यांत रुंद रकाना तात्पर्याचा. प्रकल्प आठ आठवड्यांचा होता. त्यातले सहा आठवडे रकाने आखण्यात आणि बैठकांत गेले. उरलेल्या दोनांत मुलांनी वाचायचं होतं.

मुलंही हुशार. त्यांनी आधी पुस्तकांची जाडी बघितली. स्वरूपनं सर्वांत बारीक पुस्तक उचललं, ते निघालं कोंबड्या पाळण्याचं. तात्पर्य त्यानं शेजारच्या शेफालीचं बघून लिहिलं : ‘या पुस्तकातून मला देशप्रेमाची शिकवण मिळाली.’ सरांनी खाली सही केली. छत्तीस मुलांना छत्तीस पुस्तकं ‘खूप आवडली’. एवढं एकमत ग्रामसभेत कधी झालं नसेल.

घोळ घातला तो सातवीतल्या प्रेरणानं. तिनं चक्क पुस्तक वाचलं.

जुनी, मुखपृष्ठ फाटलेली गोष्ट होती. एका धनगराच्या पोरीची बकरी हरवते आणि ती शोधत गावोगाव हिंडते. प्रेरणा संध्याकाळी चुलीपुढं बसून ती आजीला, धोंडाबाईंना, वाचून दाखवायची. मग तिनं माझ्यात लिहिलं :

‘शेवटची आठ पानं न्हाईत. आजी म्हणती बकरी घावली आसंल. मी म्हणते न्हाई. आजीची म्हस वीस वर्सांमागं रानात गेली ती आली न्हाई, तरी आजी घावली म्हणती. आमचं दोन दिस बोलणं बंद हाय.’

वाचून माझी पानं शहारली. सरांच्या अंगावर मात्र काटा आला, कारण सोमवारी तालुक्याहून साहेब येणार होते आणि आदर्श उपक्रमात आमचा नंबर लागायचा होता.

“प्रेरणा, हे काय लिहिलंस? तात्पर्य लिही. प्राण्यांवर प्रेम करावे. झालं!”

“पर सर, शेवट म्हाईत न्हाई, तर तात्पर्य कसं लिवू?”

“साहेबांना काय सांगू मी?”

“पानं न्हाईत म्हणून सांगा की.”

सरांनी एक मोठा सुस्कारा सोडला. प्रेरणाच्या ओळींवर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर शेफालीच्या सुंदर अक्षरात प्राण्यांवर प्रेम उमटलं. प्रेरणा बाकावर मान खाली घालून बसली होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

सोमवारी साहेब आले. मला उघडून म्हणाले, “वा! रकाने सुरेख आहेत.” मग त्यांना अवदसा आठवली आणि त्यांनी स्वरूपला उभं केलं.

“बाळ, तुझ्या पुस्तकात काय होतं?”

“देशप्रेम.”

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं. मुखपृष्ठावरची कोंबडी त्यांच्याकडं बघत होती. सर खिडकीबाहेर बघू लागले.

तेवढ्यात न विचारता प्रेरणा उठली. “साहेब, म्या वाचलंय. सांगू?” आवाज कापत होता. पण बकरी रान सोडून ओढ्यापल्याड गेली आणि आवाजही सरळ झाला. मागची पोरं पुढं सरकली. खिचडी ढवळणाऱ्या ठकुबाई पळी घेऊन दारात आल्या. पोरगी शेवटच्या गावात पोचली, तिला लांबून बकरीच्या गळ्यातली घंटी ऐकू आली, आणि प्रेरणा थांबली.

“फुडं पानं न्हाईत.”

“आगं, मग बकरी?” ठकुबाई ओरडल्या.

“मग?” साहेबही बोलून गेले. लगेच भानावर येऊन त्यांनी घड्याळ बघितलं आणि शेरा लिहिला : ‘नोंदी अत्यंत नीटनेटक्या.’ गाडीत बसताना मात्र सरांना हळूच म्हणाले, “सापडली असेल ना हो?”

आमचा नंबर आला. अर्थात माझ्यामुळं. गोष्ट सांगण्यासाठी साहेबांच्या गुणतक्त्यात रकाना नव्हता.

आता मी भोरला प्रदर्शनात आहे, काचेखाली. शिक्षक येतात, माझ्या रकान्यांचे मोबाईलवर फोटो काढतात. मुलांनी काय वाचलं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.

काल आमच्या शाळेतल्या चैत्रालीबाई आल्या होत्या. मैत्रिणीला सांगत होत्या, “त्या बकरीच्या पुस्तकावर पोरांच्या उड्या पडल्या. सर म्हणाले, नोंद केल्याशिवाय द्यायचं नाही. पण वही तर इथं! शेवटी वैतागून म्हणाले, न्या तसंच. आता पुस्तक कुणाच्या घरी आहे, देव जाणे. स्वरूपच्या आईनंही ऐकलं म्हणे. रोज मधल्या सुट्टीत बकरीवरनं भांडणं.”

इतकं वाचन झालं आणि माझ्यात त्याची एक ओळही नाही.

म्हणून गुरुजनहो, एक विनंती. फोटो खुशाल काढा. प्रदर्शन संपलं की मला दुसऱ्या प्रदर्शनात पाठवा, तिथून तिसऱ्या. फक्त शाळेत परत नेऊ नका. तिथं पोरं वाचतायत.