धक्क्याच्या टोकापर्यंत

“टोकापर्यंत नेऊ नका, ताई. समोरून वारा असला की बॅटरी बघता बघता उतरते,” गाडी भाड्याने देणाऱ्याने बजावलं होतं. मुलीने ते कानामागे टाकलं होतं. आता पोटाशी झोळीत बांधलेलं बाळ एका हाताने सावरत ती आईच्या बॅटरीवर चालणाऱ्या चारचाकी स्कूटरमागून जवळजवळ पळत होती.

“आई, हळू!”

“हळूच आहे गं. मघाशी एक कबुतर मला मागे टाकून चालत गेलं.”

निघताना वेगाची कळ मुलीनेच अगदी खाली करून ठेवली होती. आईने ती कधी वर सरकवली, कळलंसुद्धा नाही.

फेरीबोटीच्या तिकीटघरात आईची नोकरीची सगळी वर्षं गेली. खिडकी रस्त्याकडे, पाठीशी भिंत, आणि पाणी भिंतीपलीकडे. नुसत्या भोंग्यावरून ती बोट ओळखायची. पण सुटी झाली की घराकडे धाव. घरी मुलगी एकटी असायची. सवड मिळाली तोवर गुडघे गेले.

धक्का संपला. कठड्याशी स्कूटर थांबली. पुढे नुसतं पाणी होतं, उन्हात चमचमणारं. आई बघत राहिली. मुलगी बाळाला थोपटत, कठड्याच्या गजांमधली अंतरं न्याहाळत राहिली.

“चल, वळू या. बाळाला भूक लागलीय.”

आई हलली नाही.

“आई?”

“चालत नाहीये गं,” आई पाण्याकडे बघतच म्हणाली. “बंद पडली बहुतेक.”

मुलीला गाडीवाल्याचे शब्द आठवले. सांगितलं होतं ना त्याने! बाळाने भोकाड पसरलं. तिने गाडीवाल्याला फोन लावला.

“बॅटरीचा काटा काय दाखवतोय?”

“काहीच नाही. दिवासुद्धा लागत नाहीये.”

“किल्ली फिरवून बघा बरं एकदा.”

ती वाकली. किल्लीची जागा रिकामी होती.

आईची मूठ मांडीवर घट्ट मिटलेली होती. बोटांच्या फटीतून किल्लीचा लाल गोफ लोंबत होता. आईने मान वळवली नाही. कुठूनसा भोंगा वाजला. बोटीचं नाव घ्यावं तसे आईचे ओठ हलले, आणि थोड्या वेळाने वळणामागून ती बोट खरंच समोर आली. आई बसल्या जागी पुढे सरकली.

“ताई? माणूस पाठवू का?”

“नको,” मुलगी म्हणाली. “होईल सुरू. वेळ लागेल जरा.”

तिने आपली टोपी काढून आईच्या डोक्यावर ठेवली.

“मी तिकडे शेडखाली बाळाला पाजून येते. तोवर बघ, सुरू होतेय का.”

“सावकाश पाज. लेकराला घाई करू नकोस.”

ती निघाली. चार पावलं टाकायची, वळून बघायची.

शेडखाली आता बाळ पिता पिता झोपलंय. उठावं तर जागं होईल, आणि इथून टोपीचा नुसता काठ दिसतो. तुम्ही त्याच बाजूला चालला असाल, तर एवढं कराल? आईच्या तोंडावर ऊन तर आलं नाही ना, लांबूनच बघा. हाक मात्र मारू नका.