अर्धी बैठक

ठिणगीची उंची चार फूट अकरा इंच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण शोरूममध्ये ती शिरली तेव्हा विक्रेत्याने तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी तिच्या पायांकडे बघितलं.

ती वेल्डर. बावीस वर्षं लोकांची फाटकं, जिने आणि पाण्याच्या टाक्या जोडत आलेली. अंगाने एवढीशी आणि समोर कायम ठिणग्यांचा फवारा, म्हणून वर्कशॉपमध्ये कुणीतरी ठेवलेलं नाव तिला घरीदारी चिकटलं. तिनेही ते काढायचा प्रयत्न केला नाही. जोड चांगला बसला होता.

चौदा वर्षं तिने क्रूझर चालवली. बसकी, लांबोडी, पोट जमिनीला लागेल की काय अशी मोटरसायकल. पाय पुढे सोडायचे, पाठ मागे रेलायची आणि आरामखुर्चीत बसल्यागत शंभर-दोनशे किलोमीटर काढायचे. थांबलं की दोन्ही तळवे सपाट जमिनीवर. "तुला मापाने शिवलीय ही," कप्तान म्हणायचा. कप्तान म्हणजे रविवारी एकत्र फिरणाऱ्या क्रूझरवाल्यांच्या टोळक्याचा म्होरक्या. पेशाने विमा एजंट, त्यामुळे त्याला प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी मेलेलाच दिसायचा.

अशी गाडी तिने काढून टाकली. कारण ताई.

ताई नर्स. डोंगरावरच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात एकटी. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा जीपने येतो, सह्या करतो, जातो. बाकी सगळं ताईच. खाली फाट्यापर्यंत डांबर, पुढे सहा किलोमीटर नुसते दगड. मागच्या वर्षी ठिणगी क्रूझर घेऊन त्या दगडांत घुसली आणि अर्ध्या किलोमीटरवर गाडीचं पोट फुटलं. इंजिनातलं तेल वाटभर सांडलं. निरोप मिळताच ताई हातातलं काम टाकून सगळी वाट पायी उतरून आली, बहिणीला दगडावर बसलेली बघितली आणि हसत सुटली.

"तुझं सिंहासन डांबर संपलं की संपतं बघ."

चेष्टाच होती. पण ठिणगीला ती काट्यासारखी रुतली. बहीण तिथे एकटी राहून लोकांची बाळंतपणं करते आणि आपल्याला तिच्या दारापर्यंत जाता येत नाही. मग चौदा वर्षं काय चालवलं आपण, गाडी की खुर्ची?

म्हणून ती ॲडव्हेंचर टूरर बघायला गेली. उंच गाडी, लांब पायांची, दगडधोंड्यांवरून डोकं वर ठेवून जाणारी. विक्रेत्याने अदबीने एक स्टूल आणलं.

"मॅडम, यावर चढून बसा."

"हे गाडीबरोबर मिळतं का?"

"नाही मॅडम."

"मग उचला."

ती टांग मारून चढली. पाय लोंबकळले. दोन्हीकडे चवडेसुद्धा टेकेनात. विक्रेता म्हणाला, खालचा सांधा बदलून गाडी दीड-दोन इंच खाली बसवता येईल, सगळ्या लेडीज तेच करतात. ठिणगीने त्याच्याकडे बघितलं. सांधे बदलणं काय असतं ते तिला कुणी शिकवायला नको होतं. "उंचीसाठीच तर घेतेय," ती म्हणाली. "तीच छाटली तर पोट पुन्हा दगडाला लागणार. मग घेऊ कशाला, पूजेला?"

पहिल्या रविवारी ती नवी गाडी घेऊन टोळक्यासमोर आली. नेहमीच्या टपरीपुढे सगळे ओळीने उभे, हातात चहाचे ग्लास. तिने ब्रेक दाबला आणि चौदा वर्षांच्या सवयीने दोन्ही पाय एकदम खाली सोडले. खाली जमीन नव्हती. म्हणजे होती, पण वीतभर लांब. गाडी आधी विचारात पडल्यासारखी थबकली आणि मग सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल अशी, आडवी झाली.

चार पुरुष धावले. तिच्याआधी गाडी उचलली. हे त्यांचं नेहमीचंच. बाईला उभं करण्यापेक्षा गाडी उभी करणं सोपं जातं.

"ठिणगीबाई," कप्तान म्हणाला, "माणसाने आपला पाय किती पुरतो ते बघावं. अजून बदलून देतील."

"विमा उतरवायचाय का माझा?"

"तसं नाही. काळजी वाटते."

"मग चहा सांग."

बोलली खरी, पण घरी येईस्तोवर कान तापलेले होते.

सोमवारी वर्कशॉपमध्ये ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर हलवायचा होता. तिच्या कपाळाला लागेल एवढा उंच, तिच्याहून जड. तिने तो नेहमीसारखा किंचित आपल्याकडे कलवला आणि काठावर फिरवत, गिरक्या देत कोपऱ्यात नेला. आणि मध्येच थांबली. सिलिंडर तसाच कललेला, एका हातावर झोपाळल्यासारखा शांत.

हा आपण कधी सरळ उभा धरतो का? सरळ धरून ढकलायला गेलं तर तो माणसाला घेऊन पडतो. याला आपल्या बाजूला कलवून ठेवायचं असतं, म्हणजे त्याचं वजन कुठे आहे ते कळतं. बावीस वर्षं हात हे करत आले आणि डोक्याला पत्ता नाही. दोन्ही पाय टेकायचेच कशाला? एक पुरे.

त्या संध्याकाळी वर्कशॉपच्या आवारात तिने शिकायला सुरुवात केली. थांबताना बैठकीवरून डावीकडे सरकायचं, अर्धं ढुंगण बाहेर, डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर, गाडी किंचित आपल्या अंगावर. तिने त्याला नाव दिलं, अर्धी बैठक. शंभरदा थांबली, शंभरदा निघाली. एकदा पडली तेव्हा गाडीला पाठ लावून, गुडघ्यांत बसून, ढुंगणाने रेटत मागे मागे पावलं टाकत उभी केली. बघायला कुणी नव्हतं. उचलायलाही नव्हतं, ते फार बरं झालं.

तीन आठवड्यांनी, सकाळी, ती फाट्यावर पोचली. डांबर संपलं. ती गाडीच्या फूटरेस्टवर उभी राहिली, गुडघे सैल सोडले आणि गाडीला दगडांत सोडलं. उभ्याने चालवताना उंची कुणी विचारत नाही. मागच्या वर्षी जिथे तेल सांडलं होतं ती जागा तिने ओळखली, बघितली आणि ओलांडली.

चौथ्या किलोमीटरला सुट्या खडीत पुढचं चाक फसकन घसरलं आणि ती उजव्या अंगावर पडली. कोपर सोलपटलं. खाली दरी, वर ऊन, माणूस नाही. तिने आधी स्टँड बाहेर काढून ठेवला, गाडीला पाठ लावली आणि दात खाऊन रेटलं. पहिल्यांदा गाडी हलली नाही. दुसऱ्यांदा हलली आणि पुन्हा बसली. तिने तिला तीन शिव्या हासडल्या, त्यातली एक कप्तानाला होती. तिसऱ्यांदा गाडी उठली आणि निमूट स्टँडवर कलून उभी राहिली.

दवाखान्याच्या ओट्यावर ताई पट्ट्या वाळत घालत होती. इंजिनाचा आवाज ऐकून तिला वाटलं डॉक्टरची जीप. वळून बघते तर धुळीत माखलेली धाकटी, एवढ्या उंच गाडीवर.

ठिणगी दारासमोर आली, डावीकडे सरकली, एक पाय टेकला. गाडी जराही डुगडुगली नाही. दुसरा पाय वर ब्रेकवर, ऐटीत.

ताईने गाडीच्या बाजूचे ओरखडे बघितले, मग कोपर बघितलं.

"पडलीस?"

"एकदा."

"उचलली कुणी?"

"कोण होतं तिथे?"

ताईने हातातली पट्टी दोरीवर टाकली. आत गेली आणि पेशंटला बसवायचं लोखंडी स्टूल घेऊन आली. ठिणगीच्या कपाळावर आठी चढली. सहा किलोमीटर दगड तुडवून यायचं आणि शेवटी पुन्हा तेच.

"ताई, ठेव ते आत. मला नकोय."

"तुझ्यासाठी कोण आणतंय," ताई म्हणाली. तिने स्टूल ओट्याच्या कडेला टेकवलं आणि त्यावर ऐसपैस बसली. "तू एक चक्कर मारून परत ये आणि तसंच थांब. मघाशी पट्ट्यांच्या नादात माझं नीट बघायचं राहिलं."